शीडनौकेतील मैलाटाकी: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

पावसाळ्याच्या तोंडावर शिडाच्या नौका पाण्याबाहेर ओढल्या गेल्या की दुरुस्तीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच वस्तूविषयी आहेत. टॉयलेटमधला मैला नौका किनाऱ्याला लागेपर्यंत साठवून ठेवणारी ही टाकी इंजिनाइतकीच निगा मागते, पण तिच्याकडे लक्ष जाते ते वास सुटल्यावरच. म्हणून या अंकाची सगळी जागा तिला दिली आहे.

प्रश्न: आम्हा दोन मित्रांची मिळून २८ फुटी फायबरची शीडनौका आहे. पुढच्या केबिनमधल्या बिछान्याखाली ६० लिटरची प्लास्टिकची मैलाटाकी बसवलेली आहे. दोन वर्षे झाली, केबिनमधला वास हटत नाही. फिनेल, ब्लीच, सुगंधी द्राव असे सगळे ओतून झाले. टाकी पूर्ण रिकामी असतानाही वास येतो. एका मिस्त्रींनी टाकीच बदलायला सांगितले आहे. बदलावी का?
(एक वाचक, सीबीडी बेलापूर)

उत्तर: टाकी बदलण्याची घाई करू नये. "टाकी रिकामी असतानाही वास येतो" हे आपल्या पत्रातले सर्वात उपयोगी वाक्य आहे, कारण दोष टाकीच्या भिंतीत नसून तिला जोडलेल्या नळ्यांत आणि हवेच्या वाटेत असावा, असे त्यावरून दिसते. पॉलिएथिलिनची पुरेशी जाड टाकी सहसा स्वतःहून वास बाहेर सोडत नाही. नवी टाकी आणून तिला जुन्याच नळ्या जोडल्या, तर पुढच्या हंगामात हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल.

आधी नळ्या तपासाव्यात. एक स्वच्छ सुती फडके कढत पाण्यात बुडवून पिळावे आणि मैला वाहून नेणाऱ्या होजभोवती घट्ट गुंडाळून ठेवावे. फडके थंड झाले की ते सोडवून घ्यावे, नौकेतून खाली उतरावे आणि मोकळ्या हवेत ते हुंगावे. केबिनमध्ये अर्धा तास बसलेल्या नाकाला तिथला वास कळेनासा होतो, म्हणून बाहेर जाण्याचा हा त्रास घ्यावाच. फडक्याला मैल्याचा वास लागला असेल, तर तो होजच्या भिंतीतून पाझरून बाहेर आलेला आहे, आणि अशा होजवर वरून काहीही लावले तरी उपयोग होत नाही. प्रत्येक तुकड्याला वेगळे, धुतलेले फडके वापरावे. होज जिथे झोळासारखी खाली लोंबते, तिथे ही परीक्षा सर्वात आधी करावी, कारण मैला तिथेच साचून राहतो.

तो का साचतो, याचे साधे गणित आहे. नेहमीच्या ३८ मिलिमीटर आतील व्यासाच्या होजमध्ये दर मीटरला सुमारे १.१ लिटर पाणी मावते. टॉयलेटपासून टाकीपर्यंतचे अंतर तीन मीटर असेल, तर भांडे रिकामे दिसल्यानंतरही होज धुऊन निघायला आणखी साडेतीन लिटर पाणी जावे लागते. बहुतेक जण भांडे साफ दिसले की पंप थांबवतात आणि मैला होजमध्येच उभा राहतो. नवी मुंबईच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद केबिनमध्ये तो दिवसभर उकडतो, आणि साधी पीव्हीसी होज एका-दोन हंगामांत त्या वासाने आतून बाहेरपर्यंत मुरते. म्हणून नवी होज घेताना मैल्यासाठीच बनवलेली, वास न पाझरणारी जाड होज घ्यावी. जिथे सरळ रेषेत जाता येते तिथे कडक पीव्हीसी पाइप घालून होज फक्त वळणांपुरती ठेवावी आणि सगळी वाट टाकीकडे उतरती करावी. तसा उतार मिळत नसेल, तर शेवटचे पाणी जास्त वेळ मारण्याची सवय लावून घ्यावी.

आता हवेची वाट. टाकीच्या माथ्यावरून नौकेच्या कुशीपर्यंत जाणारी व्हेंटची नळी केवळ गॅस बाहेर जावा म्हणून नसते, टाकीत ताजी हवा यावी म्हणूनही असते. हवा मिळते तेव्हा मैल्यातले हवेवर जगणारे जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो, ज्याला वास नसतो. हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू बळावतात. खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, त्याचे ते हायड्रोजन सल्फाइड करतात, आणि कुजलेल्या अंड्यांचा जो वास आपल्याला येतो तो त्याचाच. म्हणजे टाकी गुदमरली की वास मारते. कित्येक जुन्या नौकांवर हा व्हेंट १९ मिलिमीटरचा, लांबलचक आणि दोन-तीन वळणांचा असतो. तो ३८ मिलिमीटरचा केला, तर हवेच्या वाटेचे क्षेत्रफळ चौपट होते. शक्य असल्यास नौकेच्या दोन्ही कुशींना एकेक व्हेंट काढावा, म्हणजे वारा कोणत्याही बाजूने आला तरी टाकीतून आरपार फिरतो. नळी शक्य तितकी आखूड आणि सरळ असावी, आणि तिच्यात पाणी साचेल असा झोळ कुठेही नसावा.

व्हेंट आज तुंबलेला आहे का, हे आधी पाहावे. काही वर्षांपूर्वी याच तक्रारीसाठी मला बोलावलेल्या एका नौकेच्या व्हेंटमध्ये मी विजेच्या कामाची लवचीक तार घातली, तेव्हा आतून करंगळीएवढा वाळलेला चिखलाचा गोळा बाहेर पडला. तो फुटला तेव्हा त्यात कुंभारमाशीने कोंबून ठेवलेले कोळी दिसले. नौका किनाऱ्यावर उभी असताना अशा माश्यांना ते भोक फार सोयीचे पडते. पावसाळ्यात तिथे बारीक जाळी बांधावी आणि हंगामाच्या सुरुवातीला ती आठवणीने काढावी. व्हेंट बंद असताना वासापेक्षा मोठा धोका असतो. भरत आलेल्या टाकीत पंप मारत राहिल्यास दाबाने टाकी फुटू शकते, आणि वरून यंत्राने मैला ओढून घेताना हवा आत येऊ शकली नाही तर ती चेपू शकते.

फिनेल आणि ब्लीच आजच बंद करावे. ब्लीचने हवेवर जगणारे उपयोगी जिवाणू मरतात आणि पंपातले रबरी भाग कडक होऊन तडकतात. मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की छातीला झोंबणारे विषारी वायू तयार होतात. ज्या द्रावांत फॉर्मल्डिहाइड असते, त्यांनी पुढे मलप्रक्रिया केंद्रातले जिवाणूही मरतात. टाकीला काही द्यायचेच असेल, तर नायट्रेटवर आधारलेले औषध द्यावे, कारण हवा कमी पडली की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि सल्फेटकडे वळत नाहीत. द्राक्षबागायतदार खत म्हणून वापरतात ते कॅल्शियम नायट्रेट याच कामाचे आहे. मात्र नायट्रेट घातलेले टाकीतले पाणी खाडीत सोडले तर ते तिथेही खताचेच काम करते, म्हणून अशी टाकी किनाऱ्यावरच उपसून घ्यावी.

आपल्याकडे कागदाऐवजी पाणी वापरतात, त्यामुळे होज आणि पंपात कागदाचा लगदा अडकत नाही, ही मोठी सोय आहे. पण जेट स्प्रेच्या पाण्याने टाकी फार लवकर भरते. दर वेळी तीन लिटर धरले, तर ६० लिटरच्या टाकीला सुमारे २० वेळा पुरेल इतकीच जागा असते. चार माणसे शनिवारी निघून रविवारी परत येणार असतील, तर स्प्रेच्या जागी लहान मग ठेवावा.

प्रश्न: माझ्या नौकेची टाकी १५० लिटरची, प्लास्टिकची आहे. टॉयलेटची होज जिथे टाकीला जुळते, त्या तोटीच्या मुळाशी केसाएवढी भेग गेली आहे. इपॉक्सीची लांबी दोनदा भरली, दोन्ही वेळा पापुद्र्यासारखी निघून आली. आता प्लास्टिक वेल्डिंग करायचे ठरवले आहे. त्याआधी टाकी आतून घासून घ्यायची आहे. यार्डातला एक मुलगा तपासणीच्या झाकणातून खांद्यापर्यंत आत जाऊन घासायला तयार आहे. याखेरीज काही काळजी घ्यावी लागेल का?
(एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर: त्या मुलाला आत जाऊ देऊ नका. भेगेविषयी पुढे लिहितो, पण आधी हे.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तो टाकीच्या तळाशी आणि तिच्या कप्प्यातही साचून राहतो. अगदी थोडा असताना त्याचा वास येतो, पण हवेत त्याचे प्रमाण दशलक्षात १०० भागांच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास गेला असे वाटते. त्याहून बरेच वाढले तर माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो. तळाचा गाळ ढवळला जातो तेव्हा तो एकदम मोकळा होतो, म्हणजे घासण्याच्याच क्षणी. गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत उतरलेली माणसे आपल्या शहरांत याच वायूने मरत आली आहेत. अशा धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्याला २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे, आणि नौकेवरची टाकी लहान आहे म्हणून वायूचा स्वभाव बदलत नाही. डोके आणि खांदे आत, पाय बाहेर अशा स्थितीत भोवळ आलेल्या मुलाला त्या अरुंद कप्प्यातून ओढून काढणे सोपे नसते. त्याला मिळणारी मजुरी आणि आपली निकड यांच्या तागडीत हे घालू नये.

टाकी बाहेरूनच साफ होते. मैला यंत्राने ओढून घ्यावा, टाकी दोन-तृतीयांश गोड्या पाण्याने भरावी, रात्रभर राहू द्यावी आणि पुन्हा ओढून घ्यावी. हे तीनदा करावे. मग झाकण उघडून, सगळे हॅच उघडे ठेवून आणि पंखा लावून, लांब दांड्याच्या ब्रशने आणि होजच्या फवाऱ्याने बाहेर उभे राहून धुवावे. भिंतीवर पांढरट खडा धरला असेल, तर तो समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियमच्या आणि मूत्राच्या संयोगाने बनलेला असतो. वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवल्यास तो मऊ होतो. मात्र आम्ल नेहमी स्वच्छ धुतलेल्या टाकीतच घालावे. मैला शिल्लक असताना आम्ल पडले, तर त्यातला सल्फाइड वायू एकदम सुटतो. ब्लीचचा थेंबही शिल्लक असेल, तर क्लोरीन सुटतो.

आता भेग. पॉलिएथिलिनचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्यावर इपॉक्सी धरत नाही. दोनदा लांबी निघाली, यात आपले काही चुकले नाही. वेल्डिंग हाच उपाय आहे, पण आधी प्लास्टिक ओळखावे. टाकीच्या एखाद्या न दिसणाऱ्या कडेवर तापवलेली सोल्डरिंगची कांडी टेकवावी. प्लास्टिक वितळून त्याचा तार निघाला तर वेल्डिंग होईल. ते नुसते मऊ होऊन जागीच राहिले, तर ते जोडबंध असलेले, म्हणजे रेणू एकमेकांना बांधलेले पॉलिएथिलिन आहे, ते वितळून जुळत नाही, आणि मग टाकी बदलणेच भाग आहे. वेल्डिंग होणार असेल, तर भेगेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरची भोके पाडावीत म्हणजे ती पुढे सरकत नाही. भेग व्हीच्या आकारात खरवडावी, वरचा जुनाट पापुद्रा काढावा आणि त्याच जातीच्या प्लास्टिकच्या कांडीने गरम हवेने ती भरून घ्यावी. हे काम घरच्या हीट गनवर शिकण्याचे नाही. रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये रसायनांच्या प्लास्टिक टाक्या जोडणारे कारागीर भेटतात, त्यांच्याकडे टाकी सोडवून न्यावी. नेण्याआधी तिच्यात काय साठत होते हे त्यांना स्पष्ट सांगावे, आणि काम सुरू करण्याआधी ती भेगेच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरायला सांगावे, कारण रिकाम्या पोकळीत उरलेला मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो.

भेग तोटीच्या मुळाशीच का गेली, हेही पाहावे लागेल. बहुधा होजचे सगळे वजन त्या तोटीवर लटकत होते. होज तोटीपासून जवळच लाकडी पाटीला बांधून घ्यावी. टाकीही जागेवर हलत असेल: १५० लिटर म्हणजे भरल्यावर दीडशे किलो, आणि लाटेवर नौका आपटते तेव्हा ते वजन दर वेळी ठोके देते. खाली रबराचा थर आणि वरून रुंद पट्टे, असे तिला आवळून बसवावे. शेवटी टाकीत रंग घातलेले पाणी भरून ती एक दिवस-रात्र ठेवावी आणि प्रत्येक जोडावरून पांढरा कागद फिरवावा. माथ्यावरच्या जोडांची परीक्षा घेताना टाकी काठोकाठ भरावी, कारण नौका वाऱ्याने कलली की तेच जोड पाण्याखाली जातात.

प्रश्न: रविवारी संध्याकाळी परतताना ओहोटी असेल, तर ठाणे खाडीतच टाकी रिकामी केली तर काय बिघडते? पाणी समुद्राकडे जातच असते, आणि शहराचे सांडपाणीही खाडीत येतेच. टाकी उपसून घ्यायला किनाऱ्यावर कुठे सोय शोधत बसायचे?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर: ओहोटी सहा तासांनी संपते आणि भरती तेच पाणी परत घेऊन येते. ऐरोलीपासून वर ठाण्याकडे खाडी अरुंद आणि उथळ होत जाते, तिथले पाणी एका ओहोटीत बंदराबाहेर जात नाही. आपण सोडलेला मैला खारफुटीच्या मुळांत आणि चिखलात बसतो. त्याच चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या असतात, रोहित पक्षी त्यातूनच खाणे टिपतात, आणि वाशीगाव, दिवाळे इथल्या कोळ्यांची जाळीही तिथेच असतात. २०१५ मध्ये खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीची महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नोंद झाली. इतर कोणी घाण सोडते, हे आपण सोडण्याचे कारण होऊ शकत नाही.

जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल कराराचे मैल्याविषयीचे चौथे परिशिष्ट आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या मोठ्या जहाजांना लागू आहे. ४०० टन आणि त्यावरची, किंवा १५ पेक्षा जास्त माणसे नेणारी जहाजे त्यात येतात. आपली नौका त्यात बसत नाही, पण त्यातली अंतरे शहाणपणाची आहेत: प्रक्रिया न केलेला मैला जवळच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढे, म्हणजे २२ किलोमीटरच्या पलीकडे, आणि तोही जहाज चालत असताना हळूहळू सोडायचा. कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्राँग्सच्या दीपगृहाच्या आत असे पाणी कुठेही नाही. बंदरात असताना टाकीतून थेट समुद्रात जाणारा व्हॉल्व बंद करून त्याचा दांडा तारेने बांधून ठेवावा, म्हणजे पाहुण्यांकडून चुकून उघडला जात नाही.

सोय शोधावी लागते, हे खरे आहे. आपल्या गृहसंकुलाची सेप्टिक टाकी उपसणारी गाडी जेट्टीपर्यंत येऊ शकते का, हे आधी विचारून ठेवावे आणि मैला मलप्रक्रिया केंद्रात जाईल, याची खात्री करून घ्यावी. डेकवरचे तोंड ३८ मिलिमीटरचे असते आणि गाडीची नळी त्याहून जाड असते, म्हणून मधला जोड एकदा बनवून नौकेवरच ठेवावा. फक्त एक-दोन दिवसांच्या सफरी असतील, तर टाकीऐवजी उचलून नेण्याजोगे कॅसेट टॉयलेट घ्यावे. ते घरच्या शौचालयात रिकामे करता येते आणि आपल्याला ते जास्त सोयीचे पडेल, असे मला वाटते.

प्रश्न: टॉयलेटच्या हातपंपाचा दांडा फार कडक झाला आहे, आणि रात्री भांड्यात घाण पाणी परत चढलेले दिसते. पंप नवीन घ्यावा का?
(एक वाचक, वाशी)

उत्तर: पंप बदलायला लागेलच असे नाही. दोन वेगळे दोष एकत्र आलेले आहेत. दांडा कडक होतो तो आतल्या खड्यामुळे आणि सुकलेल्या सीलमुळे. लिंबूसत्त्वाचे पाणी भांड्यातून पंपात खेचून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी गोडे पाणी मारावे आणि सिलिंडरच्या दांड्याला सिलिकॉनचे ग्रीस लावावे.

पाणी परत चढते, ते पंपाच्या निर्गमावरच्या जोकर व्हॉल्वमुळे. हा बदकाच्या चोचीसारखा रबराचा तुकडा असतो, मैल्याला पुढे जाऊ देतो आणि मागे येऊ देत नाही. तो दर हंगामाला बदलावा, त्याची किंमत फारशी नसते. बदलताना समुद्राकडचे सीकॉक, म्हणजे नौकेच्या तळाच्या भोकांवरचे व्हॉल्व, आधी बंद करावेत, कारण भांडे पाण्याच्या पातळीखाली असेल तर होज सुटताच समुद्र आत येतो. याच कारणाने नौका सोडून घरी जाताना टॉयलेटचे दोन्ही सीकॉक बंद करावेत. टाकून देण्याआधी जुना व्हॉल्व धुऊन उजेडाकडे धरून पाहावा. चिरेचे दोन ओठ एकमेकांना टेकत नसतील आणि मधून उजेडाची रेघ दिसत असेल, तर रात्री वर चढणारे पाणी तिथूनच येत होते. ओठ नीट मिटत असतील, तर टाकीकडे जाणारी होज पुढे कुठे वर चढते ते पाहावे. तिथपासून पंपापर्यंत उभे राहिलेले पाणी त्याच व्हॉल्वच्या कडांनी हळूहळू खाली उतरत असते.